सीडीवरची रसद

दिल्लीला पोस्टिंग झालेल्या फौजीला एक जादा काम आपोआप मिळते. हुद्दा कोणताही असो, तो सगळ्या ओळखीच्यांचा क्वार्टरमास्टर होतो. कोणाला चष्मा बदलून हवा असतो, कोणाला कॅन्टीनमध्ये न मिळणारा मिक्सर, कोणाला मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म. माझ्या वाट्याला मात्र वेगळीच मागणी येते. "सर, नेहरू प्लेसला जाणार असाल तर..." अशी सुरुवात होते आणि शेवट लिनक्सवर होतो. माझे हे जुने वेड बरोबरीच्या लोकांना ठाऊक आहे.

म्हणून या वेळचा लेख रसदीवर आहे, पण दारूगोळ्याच्या किंवा पिठा-तांदळाच्या नाही. जिथे इंटरनेट पोहोचत नाही अशा संगणकासाठी शहरात बसून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे, नीट बांधायचे, प्रवासात जपायचे आणि मुक्कामी गेल्यावर बसवायचे, या कामाचा हा थोडका इतिहास. एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळे खाजगी आणि वाचनखोलीतल्या संगणकांबद्दल आहे. सरकारी यंत्रांचे नियम वेगळे असतात, त्यांची चर्चा इथे होणार नाही.

आजच्या मुलांना सॉफ्टवेअर ही हवेतून उतरणारी वस्तू वाटते. बोट लावले की येते. पण सुरुवातीला ते पार्सलने यायचे. १९८५ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन आपला ईमॅक्स हा मुक्त संपादक वाटू लागले, तेव्हा नेटवर्क मोजक्या विद्यापीठांपुरते होते. ज्यांच्याकडे जोडणी नव्हती त्यांना स्टॉलमन १५० डॉलर घेऊन चुंबकीय टेप टपालाने पाठवत. सॉफ्टवेअर मुक्त होते, हमाली मात्र द्यावी लागे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा नेटवर्कवर ठेवला, पण तो सामान्य माणसाच्या टेबलावर पोहोचला फ्लॉप्यांवरून. जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती आली ती २४ फ्लॉप्यांची होती. पुढे त्या फ्लॉप्यांच्या मालिका ठरल्या. ए मालिकेत मूळ यंत्रणा, एन मालिकेत नेटवर्क, एक्स मालिकेत खिडक्या आणि चित्रे. हवी ती मालिका न्या, नको ती ठेवा. कोणत्याही क्वार्टरमास्टरला हा प्रकार लगेच कळेल. पहिल्या गाडीत काय चढवायचे आणि शेवटच्या गाडीत काय, याचाच तो तक्ता होता.

आपल्याकडे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट सुरू केले. आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी अशा संस्था त्याने जोडल्या. बाहेरच्या माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने दिल्ली-मुंबईसारख्या महानगरांत जोडण्या द्यायला सुरुवात केली तेव्हा. विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांचे एक खाते असे, त्यात फक्त अक्षरे दिसत.

त्या काळाचा हिशेब एकदा करून पाहा. एका सीडीवर ६५० एमबी मावतात. पुढे आलेला चांगला मोडेम ५६ केबीपीएसचा. लाइन पूर्ण वेगाने चालली आणि एकदाही तुटली नाही, तरी एक सीडी उतरवायला सुमारे २७ तास लागणार. आपल्या टेलिफोनच्या तारा कशा होत्या हे ज्यांनी ट्रंक कॉल लावले आहेत त्यांना सांगायला नको. लाइन तुटायची, मीटर पळायचा आणि सकाळी वडील बिल हातात घेऊन उभे असायचे.

मग लिनक्स भारतभर पसरले कसे? पुस्तकाच्या स्टॉलवरून. आणि त्यातला मोठा वाटा दिल्लीचा आहे. दिल्लीतल्या सायबरमीडियाच्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६ साली आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. आपल्याच नावा-आडनावाचा हा माणूस बंगळूरला राहायचा आणि मासिकाचा सल्लागार संपादक होता. २०१३ साली ते गेले. ज्यांच्या गावात मोडेम पाहिलेला माणूस नव्हता, त्यांच्या हातात या सीडीने संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम दिली. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्याच ईएफवाय समूहाने 'लिनक्स फॉर यू' हे मासिक काढले. त्याच्याबरोबरही चकती यायची. २००४च्या अखेरीस उबुंटू आले आणि त्यांनी तर कमाल केली. संकेतस्थळावर पत्ता भरा, सीडी घरपोच, टपालखर्चसुद्धा त्यांचा. शिपइट नावाची ही योजना एप्रिल २०११ पर्यंत चालली. आमच्या साताऱ्याच्या घरी ते पाकीट आले तेव्हा आईने ते देवाजवळ ठेवून मला फोन केला, "परदेशातून काहीतरी आलंय, उघडू का?"

मी खडकवासल्याला प्रबोधिनीत कॅडेट असताना ती मासिकाची सीडी पहिल्यांदा पाहिली. आमची पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, विषयांत संगणकशास्त्र. टर्म ब्रेकमध्ये साताऱ्याला एका मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रात्री शटर खाली ओढून आम्ही ती सीडी लावली. पहाटे चारला पडद्यावर लॉगिन उमटले. पासिंग आउट परेड सोडली तर इतका आनंद त्या वयात दुसऱ्या कशाचा झाल्याचे आठवत नाही.

इथे थोडे तांत्रिक सांगावे लागेल. ज्येष्ठ मंडळींनी कंटाळू नये, आपल्याच भाषेत सांगतो.

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येते. पॅकेज म्हणजे बांधलेली पेटी. पेटीवर चिठ्ठी असते: आत काय आहे, कोणत्या आवृत्तीचे आहे आणि चालवायला आणखी कोणत्या पेट्या लागतील. या शेवटच्या ओळीला परावलंबन म्हणा. स्टोव्ह पाठवला तर रॉकेल हवे, पिन हवी, काडेपेटी हवी. एक जरी राहिले तरी चहा होत नाही. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प सुरू केला. त्यात पेट्या उघडून बसवणारे साधन म्हणजे डीपीकेजी. ते कडक शिस्तीचे आहे. काडेपेटी नसेल तर स्टोव्ह मांडून ठेवते, पण पेटवू देत नाही आणि काय कमी आहे ते सांगून थांबते. ती कमी वस्तू आणायची कोणी? त्यासाठी १९९८ साली ॲप्ट आले. ॲप्टला म्हणायचे, "स्टोव्ह हवा." ते स्वतः हिशेब करते, रॉकेल, पिन, काडेपेटी सगळे भांडारातून मागवते आणि लावून देते.

ॲप्ट ही फार हुशार वस्तू आहे. पण तिच्या रचनेत एक गृहीत धरलेले आहे. भांडार आणि यंत्र यांच्यामधला रस्ता उघडा असला पाहिजे. रस्ता बंद झाला की ॲप्टची हुशारी भिंतीवर आपटते. २००५ साली डेबियनच्या भांडारात पंधरा हजारांहून अधिक पॅकेजे होती, आणि ती सगळी घ्यायची तर डझनाहून जास्त सीडी लागत. तेवढ्या पाठीवर घेऊन कोण जाणार? मग माणसे निवडून, अंदाजाने, मोजकी पॅकेजे नेऊ लागली. मीही तेच केले, आणि तिथे मी चुकलो.

२००६ची गोष्ट. मी कॅप्टन होतो. जागेचे नाव लिहीत नाही, उंचावर होती आणि हिवाळ्यात वाट बंद व्हायची एवढे पुरे. जवानांच्या वाचनखोलीत देणगीत मिळालेला एक जुना संगणक होता. कोणत्याही जाळ्याला न जोडलेला. त्यावर मी मासिकाच्या सीडीवरून डेबियन बसवले होते. पोरे त्यावर पत्ते खेळत, टायपिंग शिकत. मराठी मात्र दिसत नव्हती. अक्षरांच्या जागी चौकोन यायचे.

आमच्या कंपनीत पाटण तालुक्यातले एक हवालदार होते. एके दिवशी ते तहसील कचेरीची नोटीस घेऊन आले. वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफाराला कोणी भावकीतल्याने हरकत घेतली होती आणि सुनावणीची तारीख पाच आठवड्यांवर होती. ते जाऊ शकत नव्हते. आपल्याकडे १९२५चा सैनिक दावे कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याचा दावा चालू नये, तो पुढे ढकलावा, अशी त्यात सोय आहे. सीओ साहेबांचे प्रमाणपत्र इंग्रजीतून तयार झाले. त्यासोबत हवालदारांचा मराठीतला अर्ज जायचा होता.

"साहेब, हातानं लिहिलेला अर्ज मागं एकदा दिला होता, कुणी वाचलाबी न्हाई," ते म्हणाले. "टाईप झाला तर बरं हुईल."

माझी रजा दोन दिवसांवर होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काळजी करू नका. येताना दिल्लीहून मराठीचे सॉफ्टवेअर आणतो. इथेच टाईप करू, तुमची सही घेऊ आणि पाठवू."

आता वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की साताऱ्याला घरी जाणारा माणूस कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून वीस रुपयांत अर्ज टाईप करून का आणत नाही. हा प्रश्न मला पुढे बायकोने विचारला. त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. खरे सांगायचे तर मला लिनक्सवर मराठी चालवून दाखवायची होती. हवालदारांचा अर्ज हे निमित्त होते.

परतीच्या वाटेवर झेलम एक्स्प्रेसने नवी दिल्लीला उतरलो, एक दिवसाचा मुक्काम ठेवला. नेहरू प्लेसला तेव्हा मेट्रो नव्हती, ते स्टेशन ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. बसने जाऊन कोऱ्या सीडी घेतल्या. मग स्टेशनसमोर पहाडगंजमधल्या एका सायबर कॅफेत बसलो. डेबियनच्या संकेतस्थळावर एकेका पॅकेजचे पान उघडायचे, त्याचे परावलंबन वहीत लिहायचे, ते उतरवायचे, मग त्याच्या परावलंबनाचे परावलंबन. चार तासांत वहीची तीन पाने भरली. देवनागरी फॉन्ट मिळाले. टंकनासाठी लागणारे स्किम आणि त्याचे सोबती मिळाले. कॅफेवाल्याने सीडी जाळून दिली. मी तिच्यावर पेनने 'मराठी' असे लिहिले आणि जम्मूची गाडी पकडली.

मुक्कामी पोहोचल्यावर त्याच रात्री सीडी लावली. फॉन्ट एका फटक्यात बसले. चौकोन गेले आणि पडद्यावर मराठी उमटली. वाचनखोलीत टाळ्या पडल्या. मग टंकनाचे पॅकेज बसवायला घेतले आणि डीपीकेजीने हात वर केले. त्याला नवी लिबसी हवी होती. लिबसी म्हणजे सगळ्या यंत्रणेचा पाया, तिच्यावर बाकीचे उभे असते. गडबडीत मी आमच्या यंत्रावरच्या आवृत्तीची पॅकेजे न उचलता पुढच्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्तीची उचलली होती. संकेतस्थळावर दोन्हींची पाने अगदी सारखी दिसत. बंदूक एका बोअरची आणि काडतुसे दुसऱ्या बोअरची, अशी गत.

तीन रात्री मी खटपट केली. हवालदार रोज रात्री येऊन मागे उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी डाक जाणार होती. तिसऱ्या रात्री मी संगणक बंद केला, कागद घेतला आणि अर्ज हाताने लिहिला. वर्षानुवर्षे इंग्रजीत लिहून माझे मराठी अक्षर बिघडले होते. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला. त्यांनी सही केली आणि पाकीट ५६ एपीओच्या थैलीत गेले. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते तहसील कचेरीत पोहोचल्याचे पुढे त्यांच्या भावाच्या पत्रातून कळले. तारीख पुढे ढकलली गेली. दावा नंतर बरीच वर्षे चालला, पण तो त्यांच्या गैरहजेरीत निकाली निघाला नाही.

एक दिवस. अर्ज तेवढ्याच अंतराने वाचला. माझ्या हौसेने त्या माणसाचे जवळजवळ चार आठवडे खाल्ले होते, आणि तो मला एका शब्दाने बोलला नाही.

खरा धडा पुढे होता. काही महिन्यांनी एका जुन्या अंकात वाचले की इनस्क्रिप्ट हा सरकारने १९८६ साली ठरवलेला देवनागरी कळफलक लिनक्सच्या चित्रमय यंत्रणेत आधीपासून असतो. एका ओळीची आज्ञा दिली की चालू. मी वाचनखोलीत जाऊन ती आज्ञा दिली आणि पडद्यावर 'क' उमटला. म्हणजे मला फक्त फॉन्ट हवे होते. बाकीचे भांडारात होतेच, मी साठा न मोजता इंडेंट लिहिले होते. तेही दिल्लीत बसून, वहीत, अंदाजाने.

युनिटमध्ये असे चालत नाही. तिथे मागणी जिथे तुटवडा आहे तिथून निघते. कंपनीचा माणूस आपला साठा मोजतो, कमी काय ते लिहितो, इंडेंटवर सही होते, तो कागद मागे डेपोत जातो. डेपो अंदाज करत नाही, कागदावर आहे ते देतो. माल आला की कागदाशी ताडून घेतात. हे सगळे मला मुखोद्गत होते. फक्त संगणकापुढे बसल्यावर विसरलो.

ही गोष्ट ज्याने विसरली नाही असा एक भारतीय होता. डेबियनचे विकासक रितेश राज सर्राफ यांनी त्याच दशकात एक छोटी आज्ञावली लिहिली. आधी तिचे नाव पिप्ट-ऑफलाइन, पुढे ॲप्ट-ऑफलाइन. तिची तीन पावले आहेत आणि ती हुबेहूब इंडेंटची पावले आहेत.

पहिले पाऊल सेट. हे नेट नसलेल्या यंत्रावर करायचे. यंत्र स्वतः आपला साठा पाहते, हव्या वस्तूचे परावलंबन काढते, जे आधीच आहे ते वगळते आणि उरलेल्याची यादी एका लहानशा फाइलमध्ये लिहून देते. दुसरे पाऊल गेट. ती फाइल घेऊन नेट असलेल्या कोणत्याही संगणकावर जायचे. तो विंडोजचा असला तरी चालतो. ॲप्ट-ऑफलाइन यादीप्रमाणे सगळे उतरवते आणि एका गाठोड्यात बांधते. हवे असेल तर त्या पॅकेजांबद्दल नोंदलेल्या तक्रारीही सोबत देते, म्हणजे मुक्कामी बसून वाचता येतात. तिसरे पाऊल इन्स्टॉल. गाठोडे मूळ यंत्राकडे आणायचे. ते प्रत्येक वस्तू यादीशी ताडते आणि ॲप्टच्या कोठारात ठेवते. त्यानंतर ॲप्टला वाटते की रस्ता उघडाच आहे. एक पथ्य आहे. यंत्राकडची भांडाराची यादी जुनी असेल तर पहिली फेरी फक्त नवी यादी आणण्यासाठी मारावी लागते, माल दुसऱ्या फेरीत.

२००६ साली हे साधन माझ्या माहितीत असते तर पहाडगंजमध्ये वहीची तीन पाने भरली नसती. यंत्राने स्वतःच लिहिले असते की त्याची आवृत्ती कोणती आणि त्याला काय हवे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी पानिपतला गेलो होतो. दिल्लीहून नव्वद किलोमीटर, कागदोपत्री तेही आता एनसीआरमध्येच येते. काला अंबच्या स्मारकापाशी मराठी माणूस जसा गप्प होतो तसा झालो. तिथे उभे राहिल्यावर मला लढाईपेक्षा त्याआधीचे अडीच महिने आठवत राहतात. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तिथला धान्यसाठा हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि फौज आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. धान्य संपले, जनावरे मेली. आपण रसद तुटली असे म्हणतो, पण त्याआधी कागद तुटला होता. छावणीत किती दिवसांचे धान्य उरले आहे हे पुण्याला वेळेवर कळण्याचा मार्ग उरला नव्हता. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले, पण जानेवारी १७६१च्या अखेरीस ते भेलशापर्यंत आले तोवर १४ जानेवारी होऊन गेली होती. रस्ता बंद होतो तेव्हा माल पोहोचत नाही हे दिसते. मागणी बाहेर पडत नाही हे नुकसान मात्र उशिरा दिसते, आणि ते जास्त मोठे असते.

आता विश्वासाचा प्रश्न. रसद शत्रूच्या हातूनही येऊ शकते. २००८ साली अमेरिकन सैन्याच्या जाळ्यात मध्यपूर्वेतल्या एका तळावर लावलेल्या पेन ड्राइव्हमधून किडा शिरला. तो काढायला त्यांना मोठी मोहीम चालवावी लागली, तिचे नाव बकशॉट यांकी. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणच्या नतांझमधल्या, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या यंत्रांपर्यंत पोहोचला तो अशाच पेन ड्राइव्हवरून, असे मानले जाते. म्हणजे नेट तोडले की यंत्र सुरक्षित झाले, ही समजूत खोटी आहे. वाहतूक हातावरून सुरू झाली की हात तपासावा लागतो.

डेबियनने यावर जे उत्तर काढले ते आपल्या डाकेच्या थैलीसारखे आहे. भांडाराच्या मुख्य यादीवर प्रकल्पाची सांकेतिक सही असते. त्या यादीत पोटयाद्यांचे ठसे असतात, पोटयाद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. कोणी वाटेत एका पॅकेजमधला एक अंक बदलला तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते नाकारते. डेबियनच्या २००७च्या आवृत्तीपासून ही तपासणी नेहमीची झाली. त्यामुळे पॅकेजच्या खरेपणासाठी ते आणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही, सील पाहायचे. पण पेन ड्राइव्हचे तसे नाही. पॅकेजे खरी असली तरी त्यांच्या शेजारी दुसरे काही बसून आले नाही ना, हे आपणच पाहायचे. कोरा ड्राइव्ह घ्या, फक्त या कामासाठी ठेवा, आणि सहीची तपासणी कंटाळून बंद करू नका. घाईत ती बंद करून पॅकेज बसवणारे मी पाहिले आहेत. सील तुटलेली थैली कोणी उघडून घेतली असती का?

जाता जाता एक नोंद. सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये काढलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स डेबियनवर उभी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' या प्रणालीची बातमी वर्तमानपत्रांत आली. ती उबुंटूवर बेतलेली, आणि उबुंटूचे मूळही डेबियनच. मासिकाच्या सीडीवरून जे आपल्याकडे आले ते इथवर आले. याहून जास्त मी लिहिणार नाही.

ते हवालदार पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. गावी शाळेच्या एका खोलीत त्यांनी चार जुने संगणक मांडले आहेत, त्यांवर डेबियन आहे. खोऱ्यात नेट येते-जाते, पावसाळ्यात बहुतेक जातेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एका संगणकावर सेटची आज्ञा देतात. मग फाइल फोनवर घेऊन खिंडीत जातात, तिथे रेंज मिळते, आणि मला पाठवतात. फाइल फोटोपेक्षा लहान असते. मी दिल्लीत घरच्या फायबरवर गाठोडे बांधतो, पेन ड्राइव्हवर घालतो आणि स्पीड पोस्टने पाठवतो.

पहिल्या महिन्यात मी उत्साहाने त्यांच्या यादीत नसलेली दहा-बारा पॅकेजे जास्तीची घातली होती. मुलांना उपयोगी पडतील असे मला वाटले. त्यांचा फोन आला.

"साहेब, गठुडं मिळालं. पण यादीत नव्हतं ते मी बसवलं न्हाई. वायलं ठिवलंय."

मी म्हणालो, "बरोबर केलेत, सुभेदार साहेब."

या महिन्याची फाइल काल रात्री आली आहे. एकशे चाळीस एमबीची मागणी आहे, आणि आज संध्याकाळी मी यादीत आहे तेवढेच बांधणार आहे.